घोड्याच्या कुशीला कान लावून

फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पलीकडून साईस बोलत होता, "साहेब, घोडी सारखी बसते-उठते. पोटाकडं बघते." डॉक्टरांनी अंथरुणातच प्रश्न सुरू केले. लीद कधी टाकली? कोरडी होती का? चंदी संपवली? पाणी किती प्यायली? अंगाला घाम आहे? मग जरा थांबून, "लोळली का?"

"दोनदा लोळली, साहेब."

"तोंडातून काही पाजू नका. तेल नाही, काढा नाही, काही नाही. चारा समोरून काढा. निघालोच."

पुण्याबाहेरच्या स्टड फार्मकडे गाडी सुटली तेव्हा मागच्या सीटवर एक बादली, रबराची लांब नळी, खांद्यापर्यंत येणाऱ्या हातमोज्यांचं खोकं आणि मी असे चौघे होतो. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'शिकणं' हा विषय धरलाय. पदवी हातात पडल्यावरही ज्यांचं शिकणं थांबत नाही अशा एखाद्या व्यवसायाबरोबर हिंडून या, असं त्यांनी सांगितलं. माझ्या वाट्याला घोड्यांचे डॉक्टर आले. महाराष्ट्रात ते मूठभर आहेत आणि पुण्यात त्यातले बरेच सापडतात, कारण इथे रेसकोर्स आहे आणि आसपास स्टड फार्म आहेत.

जानेवारीतली थंडी होती. घोडी गाभण नव्हती, एवढीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट, असं डॉक्टर वाटेत म्हणाले.

आतडं लांब, वाट अरुंद

घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठरात तिरकी शिरते आणि तिथला स्नायूंचा वेढा इतका घट्ट असतो की जठर फुटेल, पण आतलं वर येणार नाही. साडेचारशे किलोच्या जनावराचं जठर मात्र जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. पुढे वीसएक मीटर लहान आतडं आणि मग मोठ्या आतड्याचा पसारा. तो पोटात दुमडून ठेवलेला असतो आणि बराचसा सुटा असतो. डाव्या बाजूला एका वळणावर तो एकदम निमुळता होतो. दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत हिंडणाऱ्या प्राण्यासाठी ही रचना ठीक आहे. आपण त्याला तबेल्यात उभं करतो, दोन-तीन वेळा भरपेट चंदी घालतो आणि थंडीत पाणी कमी प्यायला तरी आपल्या लक्षात येत नाही. त्या निमुळत्या वळणावर चारा अडतो. कधी वायूने आतडं फुगतं, कधी पीळ बसतो. या सगळ्याला घोड्यांच्या दुनियेत एकच शब्द आहे, कॉलिक, आणि तो ऐकला की मालकाच्या पोटात गोळा येतो.

फार्मवर पोचल्यावर डॉक्टर लगेच घोडीजवळ गेले नाहीत. दारातच उभं राहून दोन-तीन मिनिटं नुसतं बघत राहिले. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून कुशीकडे बघत होती, वरचा ओठ मुडपत होती. मग डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवून त्यांनी ठोके मोजले. एका मिनिटाला छप्पन. शांत उभ्या असलेल्या घोड्याचे ठोके अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. छप्पन म्हणजे दुखतंय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. हिरडीवर अंगठा दाबून सोडला, तर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला. मग दोन्ही कुशींवर वर आणि खाली, अशा चार जागी कान. घोड्याचं पोट बोलकं असतं. उजव्या कुशीत वरच्या बाजूला मिनिट-दीड मिनिटाला एक लांब गडगडाट ऐकू यायला हवा. तिथे शांतता असली की डॉक्टरांचा चेहरा बदलतो.

"ऐका," म्हणत त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. मला काहीच ऐकू आलं नाही. बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं, तर ती म्हणाली, "आहे, पण उशिरा येतोय." पदवी घेऊन तिला दोन वर्षं झाली होती. हे उशिरा येणं ओळखायला या दोन वर्षांतल्या रात्री लागल्या, असं तिचं म्हणणं.

यानंतर नळी. घोड्याच्या नाकपुडीतून खालच्या बाजूने नळी सरकवत न्यायची, घशाशी आली की थांबायचं, घोडा गिळेपर्यंत वाट बघायची आणि गिळला की त्याच क्षणी पुढे ढकलायची. ती अन्ननलिकेत गेली की मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून सरकताना दिसते. दिसली नाही आणि घोडा खोकला, तर ती श्वासनलिकेत आहे. अशा नळीतून औषध सोडलं तर घोडा फुप्फुसाने मरतो. म्हणून ती डाव्या बाजूला दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम प्रत्येक ज्येष्ठ डॉक्टर आपल्या हाताखालच्याला पहिल्याच दिवशी सांगतो. नळीतून जठरातलं द्रव भरभरून बाहेर आलं, तर लहान आतड्यात अडथळा आहे, प्रकरण गंभीर आहे. इथे फारसं आलं नाही.

मग लांब हातमोजा, भरपूर वंगण, आणि गुदमार्गातून खांद्यापर्यंत हात आत. एवढं करूनही पोटाचा निम्म्याहून कमी भाग हाताला लागतो. डॉक्टर डोळे मिटून उभे होते. "मिळालं," ते म्हणाले, आणि हात काढून त्यांनी शिकाऊ डॉक्टरला जागा दिली. डाव्या बाजूला खाली, त्या निमुळत्या वळणावर, मळलेल्या कणकेचा असावा तसा गोळा होता. बोटाने दाबला की खड्डा पडत होता. आत पीळ असता तर आतडं ताणलेलं, तट्ट लागलं असतं आणि घोडीने हात घालूच दिला नसता.

उपचार साधा होता. वेदनाशामक इंजेक्शन, नळीतून पाच-सहा लिटर कोमट पाणी आणि रेचक मीठ, दर तासाने ठोके. कठीण होतं ते पुढचं. वेदनाशामकाने घोडी शांत झाली की ती बरी होते आहे की नुसतं दुखणं झाकलं गेलंय? औषध देऊनही तासाभरात परत लोळायला लागली, तर पोट उघडावं लागणार, आणि तशी सोय देशात मोजक्या ठिकाणी आहे. घोड्याला पूर्ण भूल देणं हाही जुगारच. गेल्या काही वर्षांतल्या जागतिक पाहणीत भूल दिलेल्या दर शंभर घोड्यांमागे साधारण एक दगावलेला आढळला. जनावर एवढं जड की आडवं पडल्यावर त्याचे स्वतःचेच स्नायू त्याच्या वजनाखाली चेपतात. शुद्धीवर येताना घाबरून उभं राहायला धडपडतं, त्यात पाय मोडतो.

पहाटे साडेपाचला घोडीने लीद टाकली. साईसने ती हातात घेऊन फोडून दाखवली आणि फार्मवर चहा झाला.

पदवीत घोडा किती?

पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. त्यात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी, डुक्कर, जमल्यास हत्ती आणि अधूनमधून घोडा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं तेव्हा चित्र उलटं होतं. मुंबईच्या ट्राम १८७४ पासून १९०५ पर्यंत घोडे ओढत होते. व्हिक्टोरिया, लष्कर, मालवाहू गाड्या सगळं घोड्यांवर चालायचं. शहरातल्या विद्यार्थ्याला लंगडा घोडा बघायला दाराबाहेर पडलं तरी पुरायचं. पुढे मोटार आली, आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने उरल्यासुरल्या व्हिक्टोरियाही बेकायदा ठरवल्या. २०१९च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून ३ लाख ४० हजारांच्या आसपास भरली. सात वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा हा आकडा जवळपास ४५ टक्क्यांनी कमी होता. गाढवं आणि खेचरं त्याहून झपाट्याने घटली. गाई-म्हशींच्या कोट्यवधींपुढे अभ्यासक्रमात घोड्याला जागा किती मिळणार?

म्हणून घोड्यांचा डॉक्टर घडतो तो पदवीनंतर, आणि त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक लष्कराची: मेरठचं रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचं केंद्र आणि कॉलेज. दुसरी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची, जे १९८५ पासून आहे. तिसरी, महाराष्ट्रातली सर्वांत रुळलेली, म्हणजे रेसकोर्स आणि स्टड फार्म. इथे शिकायची पद्धत जुन्या गायकीसारखी नसली तरी तालीम तशीच आहे. ज्येष्ठाच्या मागे बादली धरून उभं राहायचं, नळी धुवायची, रात्रीचे फोन घ्यायचे. काही जण आयर्लंड, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात जाऊन प्रजननाचा एखादा हंगाम काढून येतात. तिथे एका हंगामात इतकी शिंगरं जन्मताना दिसतात की इथे त्याला काही वर्षं लागतील.

शिंगराचा विषय निघाला म्हणून सांगतो. घोडी अकरा महिने गाभण असते आणि बहुतेकदा रात्रीच विते. प्रत्येक फार्मच्या भिंतीवर एक, दोन, तीन असा हिशेब लिहिलेला असतो: शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत दूध प्यायलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. शिंगरू जन्मतः रोगप्रतिकारशक्ती घेऊन येत नाही, ती सगळी पहिल्या चिकात असते. चोवीस तासांनी आतडं ती शोषून घेणं बंद करतं. तीन तासांत वार पडली नाही तर घोडीच्या खुरांपर्यंत दुखणं पोचू शकतं. गर्भाशयातल्या विषाने पायाच्या आतले थर सुजतात आणि घोडी उभी राहू शकत नाही. गाईची वार दुसऱ्या दिवशी पडली तरी चालतं, असं शिकून आलेल्या नव्या डॉक्टरला हा पहिला धक्का असतो.

ब्रिटनमध्ये पशुवैद्याला दर वर्षी किमान ३५ तास नवं शिक्षण घेतल्याची नोंद ठेवावी लागते. तिथली घोड्यांच्या डॉक्टरांची संघटना १९६१ सालची, अमेरिकेतली १९५४ची. त्यांची वार्षिक अधिवेशनं ही या व्यवसायाची पंढरीच म्हणायची. आपल्याकडे शिकायचं की नाही हे बरंचसं ज्याच्या त्याच्या मनावर. पण ज्यांच्याबरोबर मी हिंडलो ते शिकत होते. इंग्लंडमधलं संध्याकाळी सातचं ऑनलाइन व्याख्यान हिवाळ्यात इथे रात्री साडेबाराला सुरू होतं. ते ऐकत जागायचं आणि मध्येच कॉलिकचा फोन आला की लॅपटॉप मिटून निघायचं. एका डॉक्टरांच्या डीपफ्रीजमध्ये मेलेल्या घोड्यांचे पाय होते, गुडघ्यापासून खालचे. नव्या मुलांना सांध्यात सुई कुठून घालायची हे त्यावर शिकवतात. रंग भरलेली सुई टोचायची, मग पाय चिरून रंग नेमका कुठे पोचला ते बघायचं. घरच्यांनी त्या फ्रीजला कुलूप लावून घेतलंय.

डागणी गेली, जंताचं वेळापत्रक गेलं

या व्यवसायात शिकण्याइतकंच सोडून देणंही आहे. पळणाऱ्या घोड्याच्या पुढच्या पायाची शीर सुजली की तापलेल्या लोखंडाने तिथे डाग द्यायचे, ही पद्धत आपल्या पागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होती आणि युरोपातही होती. १९८३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी डागलेल्या आणि न डागलेल्या शिरा तपासून दाखवलं की डागण्याने शीर लवकर जुळत नाही. घोडा बरा होतो तो डागल्यानंतर सक्तीने मिळालेल्या विश्रांतीने. आता सोनोग्राफीत शिरेच्या मध्यभागी काळा ठिपका दिसतो, तो भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. दर काही आठवड्यांनी परत सोनोग्राफी करायची आणि व्यायाम इंचाइंचाने वाढवायचा. मालकाला हे पटत नाही. डाग दिसतो, विश्रांती दिसत नाही.

जंतांच्या औषधाचं तसंच झालं. दर दोन महिन्यांनी सगळ्या घोड्यांना औषध द्या, हा नियम १९६०च्या दशकातल्या अमेरिकी संशोधनातून आला आणि जगभर रुजला. त्यानेच जंत औषधाला दाद देईनासे झाले. आता लीद तपासून अंडी मोजायची आणि ज्याच्या पोटात जास्त आहेत त्यालाच औषध द्यायचं. कळपातल्या थोड्या घोड्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात, असं दिसून आलंय. पण तबेल्याच्या भिंतीवर जुनं वेळापत्रक अजून लटकलेलं असतं.

दुखणं ओळखण्याचीही नवी रीत आली आहे. २०१४ साली इटालियन आणि इतर संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची मोजपट्टी मांडली. कान ताठ मागे, डोळा अर्धवट मिटलेला, डोळ्यावरचं हाड उठून दिसणारं, जबड्याचे स्नायू आवळलेले, ओठ ताणलेले, नाकपुड्या ताठ. जुना साईस हे सगळं मोजपट्टीशिवाय ओळखतो. फरक एवढाच की आता नवा डॉक्टर कागदावर आकडा लिहून रात्रपाळीच्या माणसाला देऊ शकतो.

गाढवाच्या बाबतीत मात्र साईसही फसतो. गाढव दुखणं दाखवत नाही. नुसतं खाणं सोडतं आणि मान खाली घालून उभं राहतं. लोक म्हणतात गाढवच ते. खाणं सुटलं की काही दिवसांत त्याच्या रक्तात चरबी चढते आणि ते त्यानेच मरतं.

लंगडा पाय कोणता

पावसाळ्यात पुण्याचा हंगाम असतो. सकाळी सहाला रेसकोर्सवर घोडे पळवून आणलेले, अंगावरून वाफा. एका घोड्याच्या तपासणीला तीन तरुण डॉक्टर उभे होते. ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना एक शब्दही बोलू दिला नाही. आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, कोणता पाय.

घोड्याला पक्क्या जमिनीवर सरळ दुडकत नेतात आणि परत आणतात. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकला की डोकं खाली जातं. त्यामुळे खाली जाणाऱ्या डोक्याबरोबर जो पाय टेकतो तो चांगला. वाचायला सोपं आहे. मी पाच-सहा फेऱ्या बघितल्या आणि डावा म्हणालो. एक जण उजवा म्हणाला, दुसरी मागचा डावा म्हणाली. तिचं बरोबर होतं. मागचा पाय दुखत असला की वजन पुढे टाकण्याच्या नादात डोकं असं हलतं की त्याच बाजूचा पुढचा पाय लंगडतोय असं वाटतं. ती मात्र डोक्याकडे न बघता मागच्या दोन्ही पुठ्ठ्यांची उंची बघत होती. माणसाच्या डोळ्याला बारीक फरक दिसतच नाही, म्हणून आता डोक्याला आणि पुठ्ठ्याला सेन्सर लावून मोजणारी यंत्रं आली आहेत. ती बघायला मिळाली, पण डॉक्टरांनी आधी डोळ्यांनी परीक्षा घेतली आणि मग यंत्र काढलं.

यानंतर पाय बधिर करण्याचा खेळ. खालून सुरुवात: टाचेजवळच्या नसांवर दोन मिलिलिटर औषध, दहा मिनिटं थांबणं, पेनाच्या टोकाने कातडी बधिर झाली का ते बघणं, परत दुडकवणं. लंगडणं गेलं तर दुखणं त्या खालच्या भागात आहे. नाही गेलं तर त्याच्या वर कुठेतरी. असं एकेक मजला वर चढत जायचं आणि जिथे सापडेल तिथलाच एक्स-रे काढायचा. एक्स-रे आधी काढला तर प्रत्येक पळणाऱ्या घोड्याच्या पायात काहीतरी दिसतंच.

त्याच सकाळी दुसऱ्या एका घोड्याचं निदान नालबंदाने केलं. घोडा अचानक तीन पायांवर आला होता, सगळ्यांना हाड मोडल्याची धास्ती. नालबंदाने खूर मांडीवर घेतला, नाल काढली, मोठ्या चिमट्याने खुराचा तळ जागोजागी दाबत आला. एका जागी घोड्याने पाय झटकला. तिथे वाकड्या टोकाच्या सुरीने त्याने पातळ पापुद्रे काढायला सुरुवात केली. नखाएवढं भोक पडल्यावर काळं, घाण वासाचं पाणी बाहेर आलं. घोड्याने त्याच मिनिटाला पाय थोडा टेकवला. खुराच्या आतलं गळू होतं. खिळा पांढऱ्या रेषेच्या आतल्या बाजूला गेला की असं होतं. ती रेष म्हणजे निर्जीव खुराची आणि जिवंत भागाची हद्द. नालबंदाचं सगळं कसब तेवढ्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलायचीच. डॉक्टरांनी घोड्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोडा धनुर्वाताला फार चटकन बळी पडतो.

नालबंदाला मी विचारलं, कुठे शिकलात? "वडलांकडं." आणि आता कोण शिकतंय तुमच्याकडं? त्याने डॉक्टरांकडे बोट दाखवलं. डॉक्टर हसले, पण नाकारलं नाही.

भोवरा बघणारे आणि नाक बघणारे

सारंगखेड्याला मी मार्गशीर्षात गेलो होतो, दत्तजयंतीच्या यात्रेला. तापीकाठी, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, एकमुखी दत्ताच्या देवळापाशी घोड्यांचा बाजार भरतो. कानांची टोकं एकमेकांना टेकणारे मारवाडी आणि काठेवाडी, वरातींसाठी गुलाबी कातडीचे पांढरे नुकरा. घोडा विकत घेणारा आधी भोवरे बघतो: कपाळावरचा, छातीवरचा, गळ्याखालचा देवमण. शुभ देवमणाच्या घोड्याची किंमत दुप्पट होते. पशुवैद्य बघतो तोंड. पुढच्या वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक खोलगट रेघ हिरडीतून उतरायला लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातावर येते, विसाव्या वर्षी पूर्ण. दात घासून वय लपवणारे व्यापारीही असतात. वेदनाशामक देऊन लंगडेपणा लपवणारेही असतात. म्हणून विकत घेण्याआधीची तपासणी हे घोड्यांच्या डॉक्टरांमध्ये आता वेगळं शास्त्र झालंय आणि बाजारातलं सर्वांत अप्रिय कामही.

भोवऱ्यापेक्षा महत्त्वाचं मात्र नाक. ग्लँडर्स या रोगात घोड्याच्या नाकातून चिकट, पिवळट स्राव येतो, पायांवर गाठी येऊन फुटतात. तो माणसालाही होतो. लस नाही. २००६ साली भारतात हा रोग परत उसळला तेव्हा महाराष्ट्रातलेही घोडे त्यात होते. २००९च्या कायद्यानुसार तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. रक्ततपासणीत घोडा बाधित निघाला तर उपचार करायचा नाही, त्याला दयामरण द्यायचं, मालकाला भरपाई मिळते. पण वरातीचा घोडा म्हणजे मालकाचं सगळं घर. आजारी घोडा तो रात्रीतून दुसऱ्या तालुक्यात हलवतो आणि रोग त्याच्याबरोबर जातो. इथे डॉक्टरने काय शिकायचं? मुखपट्टी आणि हातमोजे घालून नमुना घेणं एका दुपारी शिकता येतं. त्या माणसाशी बोलायचं कसं, हे कुठल्या अधिवेशनात शिकवत नाहीत.

याची दुसरी बाजू पार आशियाई स्पर्धांपर्यंत जाते. २०२३ साली हांगझोऊमध्ये भारताने घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्यांचे घोडे आणि सराव युरोपात होते. घोड्यांचे रोग देशात असले की बाहेरचे देश आपल्या घोड्यांना सहसा आत घेत नाहीत. २०२५ साली मेरठचं लष्करी केंद्र हे अश्वरोगमुक्त क्षेत्र म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केलं, तो त्यावरचा तोडगा. त्या क्षेत्राचं कुंपण आणि सारंगखेड्याचा बाजार यांत अंतर फार आहे.

उतारावरचं तट्टू

आतापर्यंत जे सांगितलं ते बहुतेक लाखांच्या, कधी कोटीच्या घोड्यांभोवतीचं ज्ञान आहे. सोनोग्राफी, सेन्सर, रात्री साडेबाराचं व्याख्यान सगळं तिथे जातं कारण फी तिथे मिळते. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उभ्या असलेल्या घोड्यापर्यंत यातलं काय पोचतं?

माथेरानला वाहनबंदी आहे, म्हणून घोडे. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा प्रायोगिकपणे आल्या, तेव्हापासून अश्वपालांचा जीव टांगणीला आहे. मातीचा रस्ता काही भागात पेव्हर ब्लॉकचा झाला, त्यावरून लोखंडी नाल घसरते ही त्यांची जुनी तक्रार. मी बघितलेल्या तट्टांत एकाच्या खांद्यावर, खोगिराच्या पुढच्या कडेखाली, जुनी जखम होती आणि तिच्यावर पांढरे केस उगवले होते. दाबाने कातडी मेली की पुन्हा येणारे केस पांढरे येतात. मालकाने खोगिराखालची घोंगडी घडी करून जाड केली होती. त्याने दाब कमी होत नाही, एकाच जागी वाढतो. हे त्याला कुणीही पाच मिनिटांत दाखवू शकलं असतं.

बारामती-फलटणकडच्या मेंढपाळ धनगरांची तट्टं त्याहून दूर. भीमथडी या नावाने या घोड्याची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, हे फार चांगलं झालं. पण मेंढ्यांच्या वाड्याबरोबर हिंडणाऱ्या त्या तट्टाला पोटात दुखलं, तर भेटतो तालुक्याचा गुरांचा डॉक्टर. तो घोड्याला हात लावायला घाबरतो आणि त्यात त्याचा दोष नाही. गाईला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात घातलं जाणारं मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं, हे माहीत नसलेला माणूस उरलेलं पशुखाद्य प्रेमाने तट्टापुढे टाकतो. एका तालुक्याच्या डॉक्टरकडे मी फोनवर व्हिडिओ बघितला: पोटदुखीचं तट्टू, त्याने तो पुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला होता, आणि उत्तरात आवाजाचा संदेश आला होता, आधी ठोके मोज, मग कुशीला कान लाव, उजवीकडे वर. संदेश पन्नास सेकंदांचा होता. तट्टू वाचलं.

माझं मत असं झालं की घोड्यांच्या डॉक्टरांना आणखी अधिवेशनांची फारशी गरज नाही. ज्यांना ते शिकवू शकतात त्यांच्यापर्यंत पोचण्याची आहे: तालुक्याचा डॉक्टर, नालबंद, अश्वपाल, साईस. सारंगखेड्याला दर वर्षी घोडेवाले आपल्या पायांनी जमतात. तिथे दोन दिवस दोन चांगले नालबंद आणि दोन डॉक्टर बसवले, खोगीर, खूर, पाणी आणि जंत एवढंच शिकवलं, तरी पुष्कळ घोड्यांचं आयुष्य वाढेल. त्याला फार पैसा लागत नाही. पशुसंवर्धन विभाग, रेस क्लब आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयं यांच्यापैकी कुणीतरी पुढाकार घ्यावा.

आणि वाचकांनो, सुट्टीत माथेरानला जाल तेव्हा एवढं करा. घोडा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं, खोगीर धरून, नीट वाहू शकतो. तिथलं तट्टू तीनशे किलोचं धरलं तर साठ किलो. तुमचं आणि खोगिराचं वजन मिळून त्याहून जास्त होत असेल तर चालत जा. मुलाला बसवायचं असेल तर आधी घोडा दहा पावलं चालवून दाखवायला सांगा, डोकं वर-खाली झटकतोय का बघा, आणि खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगा. जो न कुरकुरता दाखवेल, त्याचाच घोडा घ्या आणि पैसे घासाघीस न करता द्या.